खुंट भिजला तेव्हा

रंगा, कावळा लगेच शिवला.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटाखाली, गोदावरीच्या कोरड्या वाळूत तुझी भावकी उभी होती. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं सरतो न सरतो तोच बाभळीवरून एक कावळा उतरला आणि भाताचा गोळा उचलून गेला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही, की हात जोडून विनवावं लागलं नाही. "सुटला बिचारा," तुझा चुलता म्हणाला, "कशात जीव ऱ्हायला नव्हता त्याचा." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला. दुष्काळातला कावळा तो, त्याला वाट बघायला सवड कुठली? मग तुझाही राग आला. काहीच नव्हतं तुला विचारायचं? मी तिथंच उभा होतो, तुझ्या चुलत्याच्या मागं. मला तरी विचारायचंस.

आज बारावा दिवस. उद्या तुझं तेरावं. गावाला जी हकीकत ठाऊक आहे ती अशी: रंगनाथ भोई कोकणात खाडीवर मासे धरायला गेला आणि भरतीच्या पाण्यात बुडाला. बरोबर शाळेतले गुरुजी होते. त्यांनी काठावरून हाकांवर हाका मारल्या, पण वाऱ्यामुळं त्याला ऐकू आल्या नाहीत. ही हकीकत मीच सांगितली. आधी माझ्या दाजींना, मग तिथल्या पोलीस पाटलाला, मग तुझ्या घरी गिरजावहिनीला. तीन वेळा सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की आता गावच मला ती ऐकवतं. ती खोटी आहे. या गावात हे दोघांनाच माहीत आहे आणि त्यातला एक तू.

एवढंच असतं तर मी ते खोटं गिळून बसलो असतो. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही, हे तुला सांगायला नको. पण गिरजावहिनीनं ते खोटं स्वतःवर ओढून घेतलंय. श्रावणात तुझा डावा कान ठणकत होता, तेव्हा तिनं लसूण टाकून कढवलेलं तेल त्यात घातलं होतं. त्यानंतर तू तिला दोन-चारदा "आं?" म्हणालास म्हणे. आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगते. "वाऱ्याचं निमित्त. कान माझ्या तेलानं ग्येला हुता त्यांचा. गुरुजी वरडत हुते आन् ह्यांना ऐकाया आलं न्हाई." काल गेलो तर ती तेलाची वाटी मांडीवर घेऊन बसली होती. घासत होती, घासत होती. तुझी थोरली सिंधू तिच्या हातातून वाटी काढून घ्यायला बघत होती आणि ती देत नव्हती. चार दिवस पोटात अन्न नाही. मी तिथं खांबाला टेकून बसलो आणि म्हणालो, "वहिनी, असं मनाला लावून घेऊ नका." रंगा, असलं वाक्य मी बोललो. जीभ झडली कशी नाही?

तेव्हा मला सांगायला पाहिजे. पण तिच्यासमोर तोंड उघडण्याआधी तुझ्यासमोर उघडतो. तुला नाही तरी माझ्या लांबणीची सवय आहे. "मास्तर, खडू ठेव खाली आन् मुद्द्याचं बोल," असं म्हणशील. म्हण.

चौथीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, बाक म्हणजे पोत्याचं तरट. मग तुझं जाळं सुरू झालं आणि माझी शाळा चालूच राहिली, ती अजून सुटलेली नाही. आमच्या घरी आई माळकरी, चुलीपाशी कांद्यालाही जपून जागा. मासा मी पहिल्यांदा खाल्ला तो तुझ्या हातचा, नदीच्या काठी, दगडावर भाजलेला वाम. मग वाळूनं हात घासून, लिंबाचा पाला चावून घरी जायचो आणि आई दारातच म्हणायची, "आलास का भोयाकडून?" तिला वास यायचा की माझा चेहराच सांगायचा कोण जाणे. तू म्हणायचास, "तुला लबाडी जमत न्हाई, मास्तर." आता ये आणि बघ, किती छान जमते ते.

आपण बारा-तेरा वर्षांचे असू. मी वाळूच्या बेटावर पालथा पडून पुस्तक वाचत होतो. नदी घोट्याएवढी, ऊन स्वच्छ. तू काठावर जाळं सोडवत होतास. एकदम तू उभा राहिलास, तोंड वर नाशिककडं करून, आणि अशी हाक मारलीस की घाटावरची कबुतरं उडाली. मी का कशाला न विचारता पळत सुटलो. पुस्तक तिथंच राहिलं. मी काठाला लागलो आणि मागून तांबडं पाणी आलं, झाडंझुडपं घेऊन, बेटाचा मागमूस राहिला नाही. वर कुठंतरी पाऊस झाला होता. तुला कसं कळलं, म्हणून विचारलं तर तू म्हणालास, "वास आला मातीचा. पानी वरनं येतं, मास्तर. मासा धर न्हाईतर आंघूळ कर, डोळा वर ठिवायचा." त्यानंतर तीस वर्षं मी तुला जाळं टाकताना बघितलं. पाठ नेहमी खालच्या अंगाला, तोंड वरच्या अंगाला. तुझ्या बापाचंही तसंच होतं. ती तुमची रीत होती, आणि त्या रीतीनं माझा जीव वाचला होता. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. पुस्तक वाहून गेलं म्हणून तुझ्याशी आठ दिवस अबोला मात्र धरला होता.

यंदा वरूनही पाणी आलं नाही आणि खालीही राहिलं नाही. आखाड गेला, श्रावण गेला, भाद्रपदात पात्रात गुरं चरायला लागली. घाटाच्या खालचा तो एक डोह तेवढा राहिला, तोही विहिरीएवढा. त्यात मासे गच्च होते. वरून दिसायचे, मरळ, वाम, एकमेकांच्या अंगावर. मी म्हणालो, "रंगा, जाळं टाक, महिन्याची चूल पेटेल." तू नाही म्हणालास. भोई शेवटच्या डोहात जाळं टाकत नाही, ते बीज असतं. मी चिडलो. मी म्हणालो, घरात दोन पोरी रेशनच्या मिलोच्या भाकरीवर आहेत आणि तू माशांची वंशावळ सांभाळतोस. तू चिलीम झटकत म्हणालास, "नदी यील कधीतरी. ती आली म्हंजी तिला काय रिकामं घर दावू?"

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की मला ते कुठूनतरी काढायचंच असतं, मास्तरकीचा रोग. तू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं म्हणत होतास, गिरजावहिनीचं नाव लागलेलंच होतं. मीच तुला अडवलं. "ज्याच्या हातात जाळं आहे त्यानं हातोडा धरायचा? मासे नाहीत कुठं, समुद्रात काय दुष्काळ पडलाय?" माझी बहीण अलिबागकडं खाडीकाठच्या गावात दिलेली, दाजी तिथं पोस्टात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडं जाणारच होतो. तू म्हणालास, "खडी फोडून मानूस मरत न्हाई, मास्तर. नको त्या पान्यात कशाला नेतो मला?" मी तुला भित्रा म्हणालो. चारचौघांत, पारावर बसून म्हणालो. ते तुला लागलं. दुसऱ्या दिवशी तू वळकटी बांधून माझ्या दारात उभा राहिलास.

पण समुद्र बघून तू जे केलंस ते आठवलं की अजून हसू येतं, आणि हसू आलं की मी तोंडावर हात मारून घेतो. बंदरावर तू कितीतरी वेळ नुसता उभा होतास. मग धोतर खोचून आत गेलास, ओंजळ भरलीस, तोंडात घेतलीस आणि थुंकलीस. "आरं, येवढं पानी, आन् पेता यीना? ह्ये कुनी केलं?" मी हसलो. तू हसला नाहीस. म्हणालास, "गिरजीला सांगू नको ह्ये. खरं वाटायचं न्हाई तिला." मी तिला सांगितलं नाही. आता सांगायचं म्हटलं तर कोणत्या तोंडानं सांगू?

मिठागरावरच्या म्हादूबाबानं तुला आपला पाग दिला. आपलं फेकायचं जाळं असतं तसाच, पण शिशाच्या गोळ्या दुप्पट जड. तीन दिवस तुला काही मिळालं नाही. आपल्याकडची वाळू पाय धरते, तिथला चिखल पाय गिळतो. पाणी सकाळी डोंगराकडं जायचं, दुपारी समुद्राकडं. तू ज्या बाजूला तोंड करून उभा राहायचास ती बाजूच बदलायची. तिसऱ्या संध्याकाळी आक्काच्या अंगणात त्रिपुरीच्या पणत्या लावल्या होत्या, आणि तू ओट्यावर बसून म्हणालास, "मास्तर, मला घरी जायचंय. ह्ये पानी मला उमगत न्हाई. येतंय कुठनं, जातंय कुठं, काय ताळच न्हाई."

मी म्हणालो, "एक दिवस थांब. उद्या उधाण आहे. उद्या नाही मिळालं तर परवाची गाडी धरू." तू थांबलास. माझ्यासाठी थांबलास, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आता सकाळचं सांगतो.

खाडीच्या मधोमध वाळूचा एक दांडा आहे, तो पुऱ्या ओहोटीला उघडा पडतो. काठ आणि दांडा यांच्यामध्ये एक ओहळ, तेव्हा घोट्याएवढा. म्हादूबाबानं उजाडताच आपल्याला तिथं नेलं. ओहळाच्या अलीकडं होडी बांधायचा एक खुंट होता, तो त्यानं मला दाखवला. तुला नाही, मला. तू दांड्यावर जाणार होतास, मी काठावर बसणार होतो. त्याच्या बोलीत तो म्हणाला, "खुंटाचा पाय भिजला का हाक मारा यांना. मासली बघत बसू नका. पानी पाठीमागशी येतो हितं." मग तो आपल्या आगराकडं गेला. मी घोंगडी पांघरून बसलो. थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती, आणि वारा म्हणशील तर पानही हलत नव्हतं. वारा मी नंतर घातला, रंगा, गोष्टीत.

तू दांड्यावर उभा राहिलास, तोंड वरच्या अंगाला, डोंगराकडं. पाठ समुद्राला. मला ते दिसलं आणि बरंच वाटलं, कारण तसाच मी तुला जन्मभर बघत आलो होतो. पहिले तीन-चार पाग रिकामे गेले. मग पाणी जरा स्थिर झालं, आणि खुंटाच्या बुडाशी एक ओली रेघ आली. मी बघितली. माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो, मी ती बघितली. तोंडाशी हात नेला. आणि नेमकं त्याच वेळी तुझा पाग भरून आला.

बोय मासळी होती. रुपेरी, वीतभर, दीड वीत. तू जाळं ओढलंस तर आत नुसता उजेड फडफडत होता. तू हसलास. आखाडापासून मी तुला हसताना बघितलं नव्हतं. तू तिथून ओरडलास, "मास्तर! हायती की रं! हायती!" आणि मी हाक मारायला नेलेला हात हलवला तुला. शाबास म्हणून.

तू म्हणशील, माझ्या आनंदासाठी थांबलास, त्यात काय एवढं. गिरजावहिनीलाही मी तसं सांगू शकेन, आणि ते निम्मं खरं असेल. उरलेलं निम्मं फक्त तुला सांगतो. मला त्या वेळी तुझ्यापेक्षा माझाच आनंद झाला होता. मी जिंकलो होतो. मी तुला आणलं, मी थांबवलं, आणि मासे मिळाले. डोहापाशी तू मला गप्प केलं होतंस त्याचा हिशेब फिटला असं वाटलं. पुणतांब्याला जाऊन पारावर काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. खुंट बोटभर भिजला, मी म्हटलं अजून एक पाग. तो भरून आला. खुंट वीतभर भिजला, मी म्हटलं आणखी एक. तोही भरून आला. तीन पाग, रंगा. मी मोजले, कारण मला ते गावात सांगायचे होते.

मग ओहळाकडं लक्ष गेलं. तिथं ओहळ नव्हता, नदी होती. पाणी समुद्राच्या बाजूनं, तुझ्या पाठीमागून, आवाज न करता आलं होतं, आणि तू अजून डोंगराकडं बघत होतास. मी हाक मारली.

एकच. आणि तू पहिल्याच हाकेला वळलास. डावा कान माझ्याकडं होता, तोच, तेलाचा. तू वळलास, हात वर केलास, पाग मासळीसकट खांद्यावर टाकलास आणि निघालास. घाई नव्हती तुझ्या चालण्यात. तू जन्मभर पाण्यात पोहलेला माणूस. ओहळात उतरलास तेव्हा पाणी कमरेला होतं. मध्यावर आलास आणि एकदम खाली गेलास, मग वर आलास. चिखलानं पाय धरले होते. पागाची दोरी मनगटाला होती, आणि ते जड जाळं पाण्यानं पसरून तुला आत, डोंगराकडं ओढत होतं. दोरी सोडली असतीस तर. पण जाळं दुसऱ्याचं होतं, ते तू सोडणार नव्हतास, हे मला न सांगता कळत होतं. मी काय काय ओरडलो मला आठवत नाही. मी उतरलो. मांडीपर्यंत चिखलात गेलो, तिथं अडकलो, आणि मला जगायचं होतं. मागून म्हादूबाबा धावत आला, त्यानं मला काखेत धरून ओढलं तेव्हा मी विरोध केला नाही. तो होडी घेऊन आत गेला. तोवर तिथं कुणी नव्हतं.

दुपारच्या ओहोटीला तू मिठागराच्या बांधापाशी सापडलास. दोरी मनगटालाच होती. म्हादूबाबा ती सोडवताना रडत होता आणि मला काही विचारत नव्हता. खुंट त्याला आठवत असणार. शेवटी दाजींनी विचारलं, हाक मारली नाहीत का? मी म्हणालो, मारल्या की, पण वारा. म्हादूबाबानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ते बघणं मी बरोबर घेऊन आलोय.

तिथंच तुला अग्नी दिला. अस्थी मडक्यात घेऊन, वर फडकं बांधून मी एस.टी.त बसलो. पुण्यापुढं एक म्हातारी शेजारी बसली. मी खाडीकडून आलो हे कळल्यावर मडक्याकडं बघत म्हणाली, "सुकट आनली व्हय? आमालाबी द्या की वाईच, मिलोच्या भाकरीसंगं बरी लागंल." मी मडकं छातीशी धरलं. तिला वाटलं मी चिक्कू आहे. नगरपर्यंत ती माझ्याकडं पाठ करून बसली.

अस्थी कुठं सोडायच्या यावरून वाद झाला. नदीला पाणी नाही. चुलता म्हणाला नाशिकला नेऊ, कुणी म्हणालं कालव्याला पाणी सुटेल तेव्हा बघू. गिरजावहिनी म्हणाली, "डोहात सोडा. त्येंनी राखल्याली मासळी हाय ती. वळखंल त्यांना." मी मडकं कलतं केलं तेव्हा मासे वर आले. मी त्यांना मारायला सांगत होतो, आणि त्यांच्यातच तुला सोडून आलो.

*

इथवर काल लिहिलं. आज सकाळी उठून गेलो.

तुझा चुलता तेराव्याच्या तयारीला बाहेर गेला होता. पोरी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांना मी घरात जायला सांगितलं. गिरजावहिनी उंबऱ्याशी बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर उठून पळालो असतो. खुंट सांगितला, तीन पाग सांगितले. माझं जिंकणंही सांगितलं. ते फक्त तुला सांगणार होतो, पण निम्मं सांगायला लागलो की लक्षात आलं, निम्म्यानं तिच्या डोक्यातून तुझा कान सुटणार नाही.

मी थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी त्यांना ऐकाया आलं?"

"आलं. पहिल्याच हाकेला."

"डाव्या अंगानं?"

"डाव्या अंगानं."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. हात काढले तर तोंड कोरडं होतं, आणि तुला खोटं वाटेल, बारा दिवसांत पहिल्यांदा ती माणसासारखी दिसली. मग तिनं आणखी एक विचारलं, "हसत हुते म्हनता?"

"हो. हायती की रं, म्हणाले."

"तसंच म्हनायचे," ती म्हणाली. मग पदर खोचून उठली.

"गुरुजी, सांगितलं ते बरं केलं. न्हाईतर ती वाटी घासून घासून मी मेले असते. पर आता तुमी हितं येत जाऊ नका. सांजच्याला तेराव्यालाबी येऊ नका. पोरी साळंत येतील. त्यांचं नुसकान मी करायची न्हाई. पर माझ्या दारात तुमी येऊ नका."

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? दारातून बाहेर पडताना मागं वळून बघितलं तर तिनं सिंधूला हाक मारली होती आणि भाकरी मागितली होती. ती जेवली, रंगा. तुला एवढं सांगायचं म्हणून परत लिहायला बसलो. मला तिनं माफ केलं नाही, आणि मी तुझ्याकडंही ते मागत नाही. देणार असलास तरी देऊ नकोस.

संध्याकाळी मी घरीच होतो. तुमच्या आळीतून पत्रावळींचा, माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. बायकोनं विचारलं, जात का नाही, जवळचा मित्र तुमचा. मी तिलाही सांगितलं. आता गावाला कळेल. कळू दे.

*

आणि हे आजचं. सुट्टी संपून दहा-अकरा दिवस झाले, मी रजेवर होतो. आज हजर झालो. चौथीचा वर्ग, ऐंशी पोरांतली निम्मी दुष्काळी कामावर आईबापांबरोबर गेलेली. सिंधू आली होती. दुसऱ्या रांगेत, तेल लावून वेणी घातलेली, पाटी मांडीवर. माझ्याकडं बघत नव्हती. तिला आईनं काय सांगितलंय मला ठाऊक नाही.

मी हजेरीपट उघडला. मुलांची नावं झाली, मुलींची सुरू झाली. चौथं नाव झालं, पाचवं झालं आणि मी अडलो. सगळ्या वर्गाची नावं मी वर्षभर मोठ्यानं वाचत आलोय, पोराचं नाव आणि पुढं बापाचं. कधी लक्ष गेलं नव्हतं. पोरं वर बघायला लागली. कुणीतरी खोकलं. मी पटावरून बोट काढलं नाही.

उद्याही वाचायचं आहे. परवाही. ती चौथी पास होईपर्यंत रोज, आणि तिच्या मागून धाकटी येईल तिचंही. मी श्वास घेतला आणि वाचलं, खाडीच्या पल्याडपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

"सिंधू रंगनाथ."

ती उभी राहिली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हजर."